सव्वाचारची पॅसेंजर

रेल्वेतली सांधेवाल्याची नोकरी सुटून बारा वर्षं झाली, पण सव्वाचारची ड्युटी काही सुटली नव्हती. माळ्यावर त्याने आपलं जुनं स्टेशन हुबेहूब उभं केलं होतं. वाफेवर चालणारं चिमुकलं इंजिन, मागे दोन डबे आणि डब्यांत नखाएवढी माणसं. गाडीचा रूळ बदलणारा सांधा लावून तो दोनदा तपासायचा, मगच गाडी सोडायचा.

एकदा त्याचे जुने स्टेशनमास्तर भेटायला आले. बराच वेळ वाकून बघत राहिले.

"सगळं तंतोतंत जमवलंयस," ते हळूच म्हणाले. "सांधा तेवढा चुकवलास. त्या दिवशी तू तो उभ्या मालगाडीच्या रुळाला लावला होतास."

"माहितीये, साहेब."

गाडी फलाटाला लागली. तो चिमट्याने एकेका माणसाला अलगद खाली उतरवू लागला.



"इथं रोज एकतीसच्या एकतीस घरी जातात."