आवाज बंद करून

"हे कुणाच्या तरी जाण्याचं गाणं आहे," आई म्हणाली आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

लेकीचा चेहरा पडला. गाणं परत येण्याचं होतं. गाण्याच्या व्हिडिओत शब्दाशब्दाला तिनं चित्र बसवलं होतं. 'वाट' आली की वाट, 'दार' आलं की दार, 'उंबरा' आला की उंबऱ्यावर पावलं. तरी सकाळीच गायकाचा फोन आला होता. "चित्रं झकास आहेत, पण माझ्या गाण्याची वाटत नाहीत. का, ते मलाही सांगता येत नाही." व्हिडिओ संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. संध्याकाळी आणखीही एक काम होतं. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओनं तिला बोलावलं होतं, अशा कामासाठी तिनं उभं तारुण्य झिजवलं होतं, आणि आज तिथे 'जमणार नाही' म्हणून कळवायचं होतं. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि कळू द्यायचंही नव्हतं.

गायकाच्या बोलण्यानं डोकं चालेना, तेव्हा तिनं नेहमीचा उपाय केला. लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकघरात येऊन बसली.

आईचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. समोर तोंड करून बोललं की ती ओठांवरून सगळं ओळखायची. तेव्हापासून लेकीचा प्रत्येक व्हिडिओ आधी तिच्यापुढे यायचा. गाणं कशाचं ते सांगायचं नाही, आईनं नुसत्या चित्रांवरून ओळखायचं. आई भीडभाड ठेवणारी नव्हे. मागे एका प्रेमगीताला तिनं गाद्यांची जाहिरात म्हटलं होतं, आणि खोटं कशाला बोला, ते दिसतही तसंच होतं.

"जाण्याचं कसं? मुलगी घरी परत येतेय," लेक म्हणाली. "बघ ना नीट."

"बघितलं की. उजेड कुठाय ते बघ. सगळा दाराबाहेर, आणि घर मेलं अंधारात. घरी येणाऱ्याला घरातला दिवा आधी दिसतो गं. आणि ती पोरगी चपला घालतेय."

"काढतेय."

"मग पावलं रस्त्याकडे का वळलीत?"

लेकीनं चित्र मागे नेलं. पावलं खरंच रस्त्याकडे होती. त्या मुलीला पायरीवर तसं तिनंच बसवलं होतं, उजेड छान पडतोय म्हणून. इतक्या वेळा कापलं, जोडलं, पुन्हा कापलं, पण हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि आता ही म्हातारी," आईनं शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं. खिडकीत बसून रस्त्याकडे बघणारी म्हातारी म्हणजे आईच होती. घरच्या घरी मिळाली म्हणून लेकीनं तिलाच बसवलं होतं. "कॅमेरा हिच्याकडे येतो आणि लगेच तोंड फिरवतो. चोरी केल्यासारखा. का बरं?"

लेक ओट्यावरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथे मध्यंतरी कधीतरी एक लाल दिवा बसला होता. हे काय नवीन, म्हणून तिनं विचारलं होतं, तर आई "असू दे" म्हणाली होती. स्वतःच्याच विवंचनेत असल्यामुळे तिनं पुन्हा विचारलं नव्हतं.

"कधी निघायचंय?" आईनं विचारलं.

"मी नाही जात कुठे," लेक म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. रडणाऱ्याचे ओठ वाचता येत नाहीत. आईनं हात पदराला पुसले, तिची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"परत सांग. सावकाश."

"तुला टाकून कशी जाऊ? दारात कुणी उभं राहिलं तरी कळत नाही तुला." हे अगदी खरं होतं. बेल वाजवून उपयोग नाही म्हणून लेक स्वतः किल्लीनंच दार उघडायची. शेजारपाजारचे खिडकीशी येऊन हात हलवायचे.

"त्या खिडकीत मला बसवलंस ना, तेव्हाच कळलं होतं मला," आई म्हणाली. "मला म्हणालीस रस्त्याकडे बघ, आणि स्वतः कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होतीस. काचेत दिसत होतं सगळं. आणि काय गं, एरवी मी अशी हात बांधून खिडकीत बसते का कधी? मला काय कामंधामं नाहीत?" तिनं टरफलं गोळा करून टोपलीत टाकली. "तो शेवट काढून टाक आधी. उठव त्या बाईला तिथून. आणि आता जरा बाहेर जा, बेल दाब."

"बेल?"

"दाब म्हणतेय ना."

आईपुढे कधी कुणाचं चाललंय? लेक नाक पुसत बाहेर आली. दार ओढून घेतलं. बाहेरून आईला मटाराचं भांडं घेऊन ओट्याकडे वळताना तिनं दाराशेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आईची पाठ दाराकडे होती. लेकीनं धूळ बसलेलं बटण दाबलं.

स्वयंपाकघराच्या काचेत लाल उजेड लुकलुकायला लागला.

आणि आतून आवाज आला, पूर्वी यायचा तसाच, हातातलं काम अर्धवट ठेवून उठणाऱ्या बाईचा:

"आले गं, आले."