आधीच आलेलं हसू

धर्मराज आधी हसला आणि विनोद मागाहून झाला.

टीव्हीवर नायिकेचे वडील छत्री घेऊन जिना उतरत होते. त्यांचा पाय अजून घसरायचा होता. इकडे बदनापुरातल्या घरात पलंगावर आडवा पडलेला धर्मराज मात्र फिस्सकन हसून मोकळा झाला. मग वडील घसरले. रजनीने सोलायला घेतलेली तुरीची शेंग तशीच सुपात टाकली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता, जसं काही ते हसू शेजारच्या घरातून आलं होतं.

रविवारी दुपारी केबलवाला जुना पिक्चर लावायचा. हे प्रेमाचे, गमतीचे, काळे-पांढरे सिनेमे म्हणजे रजनीचा जीव की प्राण. दोघांनी तासभर भांडावं, अर्धा तास रुसावं आणि शेवटी हात धरून निघून जावं, एवढं तिला पुरे. धर्मराजला लागे मारधाड. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात आठवडाभर पोत्यांची तोंडं शिवणारा माणूस, पिक्चर कुठलाही असो, त्याचा सवाल एकच, "फायटी किती हायत?" एकही नाही म्हटलं की तो कूस बदलून घोरायला लागे. असला गुळचट पिक्चर आपण जन्मात पाहिला नाही, हे तो पाहुण्यांपुढेही छातीठोकपणे सांगायचा.

मग आज आधीच हसला कसा?

रजनी आता पिक्चर सोडून त्याच्याचकडे बघत बसली. नायक पोस्टमन बनून नायिकेच्या दारात आला. त्याची खोटी मिशी गळायच्या आधी धर्मराजचे ओठ हलले. रजनीला गंमत वाटायला लागली, चोर घरातच सापडला होता. ती काही बोलणार, तेवढ्यात पिक्चरमधल्या नायिकेने खिडकीतून कुणाला तरी हाक मारली.

"रजनी!"

रजनी गर्रकन टीव्हीकडे वळली.

माहेरी ती तुळजा होती. लग्नात भटजींनी 'स' अक्षर काढलं आणि सासूने सुमन ठरवलं. पण ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहायची वेळ आली तेव्हा धर्मराजने कुणाला न विचारता रजनी लिहिलं. कुठून आणलं, ते त्याने कधी सांगितलं नाही. नणंदेने तेवढं हसत हसत कानात सोडलं होतं, की तुझ्याआधी जालन्याची एक पोरगी बघून आले होते. झालं. दुसरीच्या मापाने शिवलेलं झंपर घालावं तसं ते नाव रजनीने चौदा वर्षं घातलं होतं. विचारायचा धीर झाला नव्हता, कारण उत्तर ठाऊकच आहे असं वाटत होतं.

हाकेसरशी पडद्यावर आली ती नायिकेची मैत्रीण. काटकुळी, मोठ्या तोंडाची, पेरू खात. तिने नायकाला दोन शब्द सुनावले, जाता जाता नायिकेच्या बापालाही गप्प केलं आणि निघून गेली. रजनीने वळून पाहिलं, तर धर्मराज मांडी घालून उठून बसलेला.

"हा तुमी पाह्यलाय," ती म्हणाली.

आधी त्याने उडवून लावलं. मग डोक्याला खाज सुटल्याचं दाखवलं. अखेर बाहेर आलं ते असं, की लग्नाच्या वर्षी तो जालन्याला मॅटिनीला गेला होता. बाहेर पोस्टर मारधाडीचं, ते टॉकीजवाल्यांनी बदललंच नव्हतं. आत लागला हा. तिकीट काढलंच होतं म्हणून बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी बदनापूरची गाडी सोडून गेला.

"तिसऱ्या दिवशीबी पोस्टर बदललं नव्हतं का?"

"बदललं व्हतं," धर्मराज खाली बघून म्हणाला.

"मंग माझं नाव हिच्यावरनं?"

त्याने मान डोलावली.

जालन्याची ती पोरगी, जिचं तोंडही रजनीने कधी पाहिलं नव्हतं, ती एका मानेच्या हलण्याने घरातून निघून गेली. रजनीला इतकं हलकं वाटलं, की लगेच भांडावंसं वाटलं.

"ठिवायचं तं हिरोईनचं ठिवायचं की. ही तं बाजूची. हिला एक गाणंबी न्हाई."

"हिरोईन नुस्ती रडती," धर्मराज म्हणाला. "ही कुनाला भेत न्हाई. बापालाबी बराबर सुनावती."

पिक्चर संपत आला. नायिकेच्या दारात मांडव पडला, बापाने डोळे पुसले, नायकाने तिचा हात धरला. रजनीने मात्र आज त्या दोघांकडे पाहिलं नाही. ती वऱ्हाडात त्या काटकुळीला शोधत होती. करवल्यांत नव्हती, पंगतीत नव्हती. पडद्यावर 'समाप्त' आलं तरी दिसली नाही.

"आन् तिचं?" रजनीने विचारलं. "तिचं फुडं काय झालं?"

"दाखवलं न्हाई. तीन खेपा शेवटपस्तोर बसलो. बिलकुल न्हाई दाखवलं."

"मंग?"

धर्मराजने तिच्यापुढचं सूप जवळ ओढलं आणि एक शेंग सोलायला घेतली.

"मंग काय," तो म्हणाला, "चौदा वर्सं झाली, तेच पाहून राह्यलो."