छोटी तबकडी

सुई टेकायच्या आधीच यशोदाकाकूंनी डोळे मिटले.

खरखर झाली, पेटीचे दोन सूर आले आणि मग तो कोवळा आवाज. 'नीज गं साळुंके, पंख मिटून घे.' काउंटरमागच्या झोळीत मनवाची सहा महिन्यांची लेक माया अंगठा चोखायची थांबली. आवाज लहान मुलीचाच होता, पण तिच्या वयाला झेपू नये असं काही त्यात होतं. मनवाच्या मानेवर दर वेळी काटा यायचा.

गाणं संपलं तरी काकूंची बोटं मांडीवर हलत राहिली, कुणाला काही समजावल्यासारखी.

"आज स्पष्ट आली," त्या म्हणाल्या.

ठाकूरद्वारचं हे दुकान मनवाचं. जुन्या रेकॉर्ड विकून ते चालायचं, पण जीव होता दुसऱ्याच कामात. लालबाग-परळच्या चाळींतले गाणारे, वाजवणारे, ज्यांचं नाव कधी कुठे छापून आलं नाही, त्यांच्या रेकॉर्ड ती काढायची. दोन निघाल्या होत्या. नियम एकच: गाणाऱ्याचं नाव चुकता कामा नये.

काळाचौकीच्या एका भजनी मंडळाची खोली पाडली, तेव्हा तिथलं खोकं तिच्याकडे आलं. त्यात ही छोटी तबकडी होती, कोऱ्या लेबलाची. मनवाने ती लावून पाहिली, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या यशोदाकाकू भाजीची पिशवी घेऊन दारावरून चालल्या होत्या. त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"ओळखता का आवाज, काकू?"

काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आमची जुई."

जुई नवव्या वर्षी तापाने गेली, त्याला चार तपं उलटली होती. काकूंचे यजमान गंगाधरकाका दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी त्या भजनी मंडळात गाणारे. तेही आता नव्हते.

"गाणं ह्यांनीच केलेलं," काकूंनी सांगितलं. "हे पेटी घेऊन बसले की जुई पेटीला गाल लावून बसायची. जेवायला ओढून न्यावं लागे."

तेव्हापासून त्या रोज चारला यायच्या. आल्या की आधी मायाच्या मागे उभं राहून चुटकी वाजवायच्या. मायाने मान फिरवली की म्हणायच्या, "वळली गं."

"रोज कसली परीक्षा घेता तिची?"

"घेऊ दे. तुझं काय जातंय?"

मनवाची तिसरी रेकॉर्ड ठरली. काकूंनी कव्हरसाठी फोटो दिला. दोन वेण्या, फ्रॉक, हसू दाबून धरलेले ओठ. खाली नाव: जुई गंगाधर. रविवारी वाडीतच छोटा कार्यक्रम ठेवला. काकू त्यासाठी पातळ निवडत होत्या.

"परवा मी भांडी घासत होते, तर मागून हाक आली," त्या एकदा सहज बोलल्यासारखं बोलल्या. "आई म्हणाली. पहिल्यांदाच."

मनवाने मायाला उगाचच झोळीतून उचलून घेतलं.

शुक्रवारी स्वप्नील आला. परळला पेट्या दुरुस्त करायचा आणि मनवाच्या रेकॉर्डचा आवाज साफ करून द्यायचा. त्याने गाणं दोनदा ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"ही पेटी कुठल्याच पट्टीत बसेना. काळी तीन नाही, पांढरी पाच नाही. मधेच लटकलीय."

"जुनी असेल रे."

"जुनी झाली की एखादा सूर पडतो. अख्खी पेटी अशी सरकत नाही." त्याने मशीनकडे पाहिलं. "कितीच्या स्पीडवर लावतेस?"

"पंचेचाळीस. छोटी तबकडी पंचेचाळीसवरच लावतात ना?"

"बहुतेक. सगळ्याच नाही." त्याने स्पीडचा खटका तेहतीसवर सरकवला.

तबकडी मंदावली, सूर खाली उतरले; पेटी काळी एकमध्ये नेमकी बसली. आणि एक पुरुष गाऊ लागला. सावकाश, जपून, कुणाला तरी थोपटत असल्यासारखा. 'नीज गं साळुंके...'

"मुलगीबिलगी कोणी नाही यात," स्वप्नील हळूच म्हणाला.

"काका असणार."

"मग त्यांचं नाव टाक. त्यांचं गाणं, त्यांचा गळा. विषय संपला."

"आणि काकूंना काय सांगू? तीन महिने रोज चारला कोण गात होतं?"

"नियम तुझाच आहे, माते."

शनिवारी चारला काकू आल्या. चुटकी वाजली, माया वळली. काकू आपल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मनवाने तबकडी ठेवली, पण सुई उचलली नाही. कव्हरवरचं दाबलेलं हसू तिच्याकडे बघत होतं. खोटं नाव छापावं, की या बाईची मुलगी तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घ्यावी? दोन्हींपैकी काहीच तिला जमणार नव्हतं.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "कव्हरवरचं नाव चुकलंय. चूक माझी आहे. मी ही तबकडी..." तिने खटक्याकडे हात नेला.

काकूंनी डोळे न उघडताच तिचा हात धरला. "नको सरकवूस. तेहतीसवर हे गातात, ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"उंबऱ्यात उभी राहिले तेव्हापासून."

"मग जुई म्हणून का सांगितलंत?"

काकूंच्या दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर हलू लागली.

"जन्मापासून मुकी-बहिरी होती गं माझी पोर."