श्रीरंगची कबुली

"पुण्याला कशाला जातेस?" गुरुनाथ म्हणाला. "ज्यानं केलं तो इथे अमेरिकेतच राहतो, शेजारच्या शुगर लँडमध्ये. मीच फोन करून बोलावलंय त्याला."

निधी टेबलावर रेकॉर्डर ठेवत होती. ती थांबली.

"तुम्ही? श्रीरंगकाकांना? मंडळाच्या गणपतीत ते दिसले की तुम्ही आरती सोडून पार्किंगमध्ये जायचात, बाबा."

"आता बोलावलंय ना."

पद्मिनीला जाऊन चार महिने झाले होते. तिचा फोटो जेवणाच्या टेबलासमोरच लावला होता. आईच्या आजारपणात आलेली निधी अजून इथेच होती. एरवी ती आफ्रिकेत असायची. तिकडच्या एका देशात हुकूमशहा गेल्यावर आयोग बसला होता, त्याच्यासाठी ती साक्षी रेकॉर्ड करायची. कोणी कुणाला पकडून दिलं, हे लोक अख्ख्या गावासमोर उभं राहून सांगत.

तिशीतल्या या मुलीच्या डोक्यात तिथूनच कुमार शिरला होता.

आणीबाणीत गुरुनाथ, श्रीरंग आणि कुमार पुण्यात चोरून पत्रकं छापायचे. पहिले दोघे पकडले गेले, कुमार निसटला आणि लपला. चौकीत गुरुनाथचा गुडघा फुटला, तरी तो बोलला नाही. मग एका दुपारी मारणं एकदम थांबलं. पोलीस दमले असतील, असं तो पुढे हसून सांगायचा. त्याच संध्याकाळी कुमार पकडला गेला, आणि कोठडीतून जिवंत बाहेर आला नाही. श्रीरंगला मात्र त्या दिवशी सोडून दिलं. कावीळ झाली म्हणून सोडलं, असं तो म्हणाला. कोणी विश्वास ठेवला नाही.

कुमारची बहीण सुनेत्रा नागपूरला होती. पत्ता कोणी दिला, एवढंच तिला डोळे मिटण्याआधी ऐकायचं होतं. निधीनं तिला शब्द दिला होता. पुण्यात जाऊन जुने पोलीस, जुने शेजारी, सगळ्यांना ती विचारणार होती.

बेल वाजली. श्रीरंग दारात उभा होता. हातात स्टीलचा डबा होता.

"वहिनींचा. दिवाळीचा राहिला होता माझ्याकडे."

झाकणावर पद्मिनीचं नाव कोरलेलं होतं. निधीनं डबा उघडला. रिकामा परत करू नये म्हणून त्यानं आत साखर घातली होती.

"आई यांना फराळ पाठवायची? तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

"मला न विचारता पाठवायची. मन मऊ होतं तिचं. बस रे. निधी, पाणी दे त्याला."

"तीस वर्षांनी तुझ्या घरचं पाणी," श्रीरंग म्हणाला. "काही कालवलं नाहीस ना त्यात?"

निधी हसली. गुरुनाथ हसला नाही.

तिनं रेकॉर्डर सुरू केला. "काका, ही ट्रायल नाहीये. शिक्षा वगैरे काही नाही. फक्त खरं काय ते हवंय."

"शिक्षा झाली की, पोरी. आमच्याकडेही आयोग बसला होता. अहवाल आले. मारणारे पेन्शन घेऊन घरी गेले, आणि तीन वर्षांत जुनेच लोक पुन्हा निवडून आले. मग आपल्याच लोकांनी एका खोलीत बसून हाताला लागला त्याला, म्हणजे मला, शिक्षा दिली. माझ्या बहिणीच्या लग्नाला एक माणूस आला नाही. तुझ्या वडिलांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, जाऊ नका म्हणून."

"विषय बदलू नकोस," गुरुनाथ म्हणाला. "पत्ता कोणी दिला?"

श्रीरंगनं त्याच्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं.

"माझ्या तोंडून हवंय तुला?"

"हो. हिच्यासमोर. त्या यंत्रात."

"मी दिला," श्रीरंग म्हणाला.

निधीनं श्वास सोडला. "तुम्हाला माहीत होतं ते कुठे लपलेत?"

"त्याचा जेवणाचा डबा कुठे जातो, ते माहीत होतं."

"चौकीत अजून कोण होतं तेव्हा?"

श्रीरंगनं डोळे मिटले. "बाहेर बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर तान्हं मूल. रडून रडून निळं पडलेलं. साहेबानं त्याच्यासाठी दूध मागवलं..."

"ते राहू दे," गुरुनाथ म्हणाला. "तेवढं पुरे."

निधीनं रेकॉर्डर बंद केला आणि श्रीरंगचा हात धरला. "थँक यू, काका. सुनेत्रामावशींना हीच टेप ऐकवते. पुण्याचं तिकीट कॅन्सल करते मी."

"कर," गुरुनाथ म्हणाला. त्यानं ताटं घेतली.

तिघं जेवायला बसले. निधी भरभरून बोलत होती. "तिकडेही असंच करतात. सांगून झालं की एका पंगतीत बसतात. इथूनच देश उभा राहतो, बाबा. तुम्ही लोकांनी हे तेव्हाच करायला हवं होतं."

श्रीरंगनं आमटीत साखर जास्त झाल्याचं सांगितलं. गुरुनाथ म्हणाला, पद्मिनीसारखी जमत नाही.

जेवण झाल्यावर गुरुनाथ त्याला गाडीपर्यंत सोडायला आला. बाहेर जूनची दमट दुपार होती. श्रीरंग आत बसला, काच खाली केली.

"हॉस्पिटलमध्ये पद्मिनीनं मला सगळं सांगितलं," गुरुनाथ म्हणाला.

"तुझा फोन आला तेव्हाच कळलं मला."

स्वयंपाकघराच्या खिडकीत निधी डबा धूत होती. तिनं दोघांना हात केला. श्रीरंगनंही हात केला.

"केवढी झाली रे," तो म्हणाला. "त्या दिवशी साहेबाचं दूध प्यायली, तेव्हा कुठे गप्प बसली होती."