उजवा गाल

माझा डावा गाल गुळगुळीत झाला, तेवढ्यात टीव्हीवर ‘सरकार डळमळीत’ झळकलं आणि भिकोबा न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला.

‘लेका, उजवा गालही उरक. दुपारी नातीचा साखरपुडा आहे.’

‘थांबा हो तात्या, सरकार पडतंय!’

इतक्यात जनतेचा कौल घ्यायला एक वार्ताहर कॅमेऱ्यासकट दुकानात शिरली. ‘आजोबा, अर्धीच दाढी का?’

माझी जीभ कुठली गप्प बसतेय! ‘सरकार पडेपर्यंत उजव्या गालाला वस्तरा लावणार नाही!’

पाच मिनिटांत मी सगळ्या वाहिन्यांवर. भिकोबाने वस्तरा मिटला. ‘आता नाही, तात्या. अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलंय.’

सरकार काही पडलं नाही. उपरण्यात गाल लपवत साखरपुड्याला गेलो. दारात व्याही हसत उभे होते. त्यांची भरघोस मिशी फक्त उजवीकडे उरली होती.

‘तात्यासाहेब, आमचा बिनशर्त पाठिंबा!’