एकशे सहावी ओळ

झुओ सरांचं नाव पडद्यावर उमटलं आणि यु-छिनचे हात थंड पडले.

तिनं प्रश्न टाकून पाचच मिनिटं झाली होती. वेबसाइट बांधणाऱ्यांच्या त्या ऑनलाइन गटात चारशे माणसं होती, त्यांतलं कुणीही उत्तर देऊ शकलं असतं. दोघांनी दिलंही. एकानं यंत्रावर खाऊचं नवं पाकीट ठेवा, ताई, म्हणून चेष्टा केली. दुसऱ्यानं सुनावलं की सरकारी काम सगळ्यांत स्वस्त माणसाला मिळतं, मग भोगा. आणि नेमके झुओ सर आले. काय होतंय ते नीट सांगा, म्हणाले.

होत होतं ते असं. वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागणार होतं. डोंगरातल्या कुठल्या गावानं कुठल्या शाळेत जाऊन थांबायचं, ते यु-छिनच्या कंपनीनं बांधलेल्या जिल्ह्याच्या वेबसाइटवर गावाचं नाव घातलं की कळायचं. दुपारी बारापासून ते कळेनासं झालं होतं. नाव घातलं की चक्र फिरायचं आणि फिरतच राहायचं. चार वाजता जिल्हाप्रमुख टीव्हीवर येऊन लोकांना हेच पान बघायला सांगणार होते. आता तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मागं कंपनीचे मालक को साहेब उभे होते. यंत्रावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट त्यांनी तिसऱ्यांदा उचलून तारीख पाहिली. असं पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं आणि त्याची तारीख उलटली की हट्टाला पेटतं, हे इथं सगळेच मानतात. तारीख मार्चपर्यंतची होती.

"कोण हा?" त्यांनी विचारलं.

"ज्यांचं आपण घेतलंय ते."

साहेबांनी पाकीट हळूच जागेवर ठेवलं.

गावाला शाळा नेमून देणारा प्रोग्रामचा तो भाग झुओ सरांनी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. फुकट वापरा, बदला, विका. फक्त अगदी वर माझं नाव आणि ही अट अशा सहा ओळी आहेत, तेवढ्या पुसू नका. जिल्ह्याला मात्र सगळं काम कंपनीनं स्वतः लिहिलेलं हवं होतं. सहा ओळींनी काय बिघडतं, असं साहेब तेव्हा म्हणाले होते. यु-छिननं त्या ओळी पुसल्या आणि सर्व काम आमचंच आहे, अशा कागदावर सहीच्या जागी आपला लाल शिक्का उमटवला. शिक्का तिच्या नावाचा होता, साहेबांच्या नाही. कोर्टात गेलं तर तोच बोलणार होता.

तिनं झुओ सरांना आडवळणानं सगळं लिहिलं. उत्तर लगेच आलं. तो भाग इथं टाका, एक नजर मारतो.

"टाकलास तर मेलीस," साहेब तिच्या कानाशी म्हणाले. "सांग, गुप्ततेचा करार आहे म्हणून."

तिनं तसं लिहिलं. संदेशाखाली वाचणाऱ्यांचा आकडा चढत होता. चाळीस. साठ. तिनं तळवे पँटला पुसले. वादळात फुटू नये म्हणून खिडकीच्या काचेवर फुलीसारखी लावलेली चिकटपट्टी एका कोपऱ्यात सुटून फडफडत होती.

मग झुओ सरांनी विचारलं, "बरं, नका टाकू. शाळा किती झाल्यात आता?"

तिनं यादी पाहिली. दुपारी बारा वाजता जिल्ह्याच्या कारकुनानं एक शाळा वाढवली होती. हा आकडा कळवायलाही तिला भीती वाटली, पण तिनं कळवला. पासष्ट.

"सकाळी चौसष्ट होत्या?"

हो, असं तिनं लिहिलं.

 तीन वाजून एकतीस मिनिटं झाली. साहेबांचा फोन वाजला, त्यांनी नाव पाहून तो उलटा ठेवला.

"लिहिणाऱ्यानं चौसष्टच्या पुढं मोजायची सोयच ठेवली नव्हती," झुओ सरांनी लिहिलं. "तेव्हा डोंगरात इतक्या शाळा नव्हत्या. चूक त्याची आहे. तो आकडा वाढवा, चालू होईल. एकशे बारावी ओळ."

ती वाचते न वाचते तोच खाली आणखी एक संदेश आला.

"थांबा. तुमच्याकडं ती एकशे सहावी असेल."

साहेबांनीही ते वाचलं. पुसलेल्या ओळी सहाच होत्या. यु-छिननं फाईल उघडली. एकशे सहाव्या ओळीत चौसष्ट हा आकडा होता. तिनं तो पाचशे केला आणि वेबसाइटवर यादीतल्या पहिल्याच गावाचं नाव घातलं. चक्र एकदा फिरलं आणि शाळेचं नाव आलं. दुसरं गाव घातलं, तेही आलं.

साहेबांनी फोन उचलला आणि जिल्ह्याच्या माणसाला कमरेत वाकून चार वेळा सांगितलं की चालू झालंय, किरकोळ होतं. फोन ठेवल्यावर तिला म्हणाले, आभार मान, ती फाईल बंद कर आणि गटातून बाहेर पड, आत्ताच्या आत्ता.

गटात कुणीतरी विचारलं होतं, सर, न बघता एकशे सहा कसं कळलं. झुओ सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. वाचणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला होता.

यु-छिननं गट तसाच उघडा ठेवला. ती फाईलच्या अगदी वर गेली आणि तिनं नव्या ओळीची कळ दाबली. एकदा, दोनदा, सहा वेळा. खाली आकड्याची ती ओळ सरकत सरकत एकशे बाराव्या जागी जाऊन बसली.

"हे काय करतेस?" साहेबांनी विचारलं.

तिचे हात अजून थंडच होते.

"जागा करतेय," ती म्हणाली.