गणिताचं बक्षीस

"आजी, राग मानू नका, पण तुमच्या ठेवीच्या व्याजात आता काहीच येत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "यंदापासून दहावीचं गणिताचं बक्षीस बंद करावं लागतंय."

आजींनी पिशवीतून जुनी पावती काढली. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा त्यांचा मुलगा अरविंद दहावीतच गेला. चाळीस वर्षं झाली. तेव्हा हातातली बांगडी मोडून त्यांनी शाळेत दोन हजारांची ठेव ठेवली होती. पहिल्या वर्षी व्याजातून मनगटी घड्याळ आलं. मग काही वर्षं शब्दकोश, पुढे कंपासपेटी. गेल्या वर्षी नुसतं एक पेन. पण दरवर्षी माइकवरून नाव घेतलं जायचं, 'कै. अरविंद टिपणीस पारितोषिक'. तेवढं ऐकायला त्या पुढच्या रांगेत येऊन बसायच्या.

"पण पैसे तेवढेच आहेत ना?"

"तेवढेच आहेत, आजी. महागाई वाढली. दरवर्षी त्यांची किंमत थोडी थोडी उतरत गेली."

आजी पावतीची घडी घालत म्हणाल्या,

"अरविंद असता ना, तर त्याने हे तेव्हाच गणित मांडून दाखवलं असतं मला."